शेवटच्या गाडीतले देव

हे प्रकरण लिहू नये, असं मला भाऊकीतल्या दोघातिघांनी सांगून पाहिलं. एकाने फोनवर सांगितलं, एकाने लग्नाच्या मांडवात कानाशी येऊन सांगितलं. चुलतभाऊ सुरेश तर मुद्दाम गाडी काढून घरी आला, चहा प्यायला, बिबट्या कुणाच्या उसात दिसला त्याच्या गप्पा मारल्या आणि उठता उठता म्हणाला, की मेलेल्या माणसांचं आता काय उकरायचं. मी मान हलवली. आयुष्यभर तेच करत आलो. कमी बोलणारा म्हणून निमगाव साव्यात माझी ख्याती आहे, आणि कमी बोलणाऱ्याला लोक शहाणा समजतात. ते काही खरं नाही. माझ्या बाबतीत तरी त्यात शहाणपण थोडं होतं आणि घाबरटपणा जास्त. तर सुरेशला वाईट वाटणार असेल तर वाटू दे. हौसाआत्याला देव चोरणारी म्हणतात, ते देव तिने चोरले नव्हते. ते मी हलवले होते.

आमचं घर मळ्यात होतं, गावापासून बाजूला. विहीर, विहिरीवर मोटर, गोठा, कांद्याची चाळ, आणि त्या सगळ्याच्या मधोमध पत्र्याचं लांबलचक घर, ज्याला प्रत्येक भावाच्या लग्नानंतर एकेक खोली शेपटासारखी जोडली गेली होती. थोरले चुलते अप्पा पहिल्या खोलीत, माझे वडील, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते मधल्या खोलीत, आणि पार टोकाला, गोठ्याला भिंत लागून, हौसाआत्या. आत्या या दोघांची धाकटी बहीण. तिला मढच्या पुढं, माळशेजच्या अंगाला दिली होती. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा ती भांडली नाही, रडली नाही. एक कालवड दाव्याला धरून चालत माहेरी आली. आजोबा, म्हणजे तिचे तात्या, जिवंत होते. त्यांनी विहिरीजवळचं दोन एकराचं शेत तिला तोंडी दिलं आणि चारचौघांत सांगितलं, की हे हौसाचं. आजोबा गेले आणि ते चारचौघंही एकेक करून गेले.

आत्या शेत स्वतः करायची. लाइट कधी येईल त्याचा नेम नसायचा, पण मोटर सुरू झाल्याचा आवाज आला की आत्या खोरं घेऊन पाण्याची दारं धरायला वाफ्यात उभी. कांद्याची रोपं लावताना तिची ओळ इतरांच्या पुढं जायची आणि ती मागं वळून वहिन्यांना म्हणायची, की बायांनो, रोपं लावताय का बारसं करताय. तिची स्वतःची बैलजोडी होती, पाखऱ्या आणि गुलब्या. पाखऱ्या तर त्याच माहेरी आणलेल्या कालवडीचा. गाडी तिची, बैल तिचे, आणि घरात कसलंही कार्य निघालं की मासवड्याही तिच्याच. ओल्या फडक्यावर बेसनाचा गरम गोळा थापायचा, त्यावर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं आणि फडकं उचलून एका झटक्यात घडी घालायची. हात पोळतो, पण थांबलं की वडी फाटते. आईची फाटायची. आत्याची कधी फाटली नाही. आज आमच्याकडे लग्नाला आचारी येतात, मासवड्या ताटभर असतात, आणि मी पहिला घास घेतला की माझ्या तोंडात सारण येत नाही, आत्याची पोळलेली बोटं येतात. लोक विचारतात, तिखट झाली का. मी म्हणतो, झाली थोडी.

माघ सरला, कांदे भरायला लागले, की आमची भाऊकी कुलदैवताला निघायची. आमचा खंडोबा मढच्या अलीकडच्या एका डोंगरावर. आता डांबरी रस्त्याने दोन-अडीच तासांत जाऊन येतो. तेव्हा बैलगाडीने दोन दिवस जायचे. आठवडाभर आधीपासून घर गजबजायचं. चाकांना वंगण, बैलांच्या शिंगांना रंग, गाडीला तट्टे, आत कडब्याच्या पेंढ्या आणि त्यावर गोधड्या. बायका दशम्या भाजायच्या, तिळाची चटणी कुटायच्या, शेंगोळ्यांसाठी हुलग्याचं पीठ वेगळं बांधायच्या. पहाटे गाड्या जुंपल्या की घुंगरमाळांचा एकच गलका व्हायचा आणि कुत्री वेशीपर्यंत पळत यायची. देवाला जाणं हे निमित्त असायचं. खरी मजा वाटेची. गाडीत झोपायचं, गाडीत भांडायचं, ओढ्यात बैलांबरोबर आंघोळ करायची, जुन्नरच्या अलीकडे शेतात मुक्काम ठोकून तीन दगडांच्या चुलीवर शेंगोळ्या शिजवायच्या. मला अजून वाटतं, माझ्या आयुष्यातलं सगळं सुख त्या गाडीच्या वेगाने आलं, आणि नंतर जे जे वेगाने आलं त्यात काही सुख नव्हतं.

पण गाड्यांचा एक क्रम असायचा. घरातल्या देवांचे टाक, म्हणजे देवाची ती लहान-लहान चांदीच्या पत्र्याची रूपं, दरवर्षी मूळ देवाच्या भेटीला न्यायची आमची रीत. तांब्याच्या डबीत टाक, डबी भंडाऱ्याच्या दुरडीत, दुरडीवर पिवळं फडकं. ही दुरडी थोरल्याच्या गाडीत, आणि ती गाडी सगळ्यांत पुढं. तिला देवाची गाडी म्हणत. तिच्यामागे वयाच्या मानाने बाकीचे भाऊ, चुलते. डोंगराच्या पायथ्याला पोचलं की थोरल्याने दुरडी डोक्यावर घ्यायची आणि अनवाणी चढायचं. दुरडी डोक्यावर असताना त्या माणसाला कुणी अडवायचं नाही, शिवायचं नाही, वाकडं बोलायचं नाही. देव खाली उतरेपर्यंत तो माणूस नसतोच, असं आजोबा सांगायचे. आणि वर गेल्यावर, ज्याच्या डोक्यावर देव आले, त्याचा तळीच्या ताटाला पहिला हात. ज्या ज्या घराचा हात त्या ताटाला लागला, ते घर वर्षभर भाऊकीतलं.

हौसाआत्याची गाडी सगळ्यांत शेवटी. तिच्या पुढच्या सगळ्या चाकांची धूळ तिच्या बैलांच्या नाकात. पायथ्याला पोचेपर्यंत पाखऱ्या-गुलब्यांचं पांढरं अंग तांबडं झालेलं असायचं आणि आत्याच्या पापण्यांवर माती बसलेली. ती वर चढायची नाही. लेक दिली की तिचा देव बदलतो, अप्पा म्हणायचे. तिचा देव तिच्या सासरी. म्हणून ती स्वतःची एक छोटी दुरडी आणायची, त्यात नारळ आणि भंडारा, आणि पहिल्या पायरीवर नारळ फोडून परत फिरायची. मला हे लहानपणापासून दिसत होतं, पण दिसणं आणि टोचणं यात फरक आहे. टोचायला त्या वर्षापासून लागलं.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला नारायणगावला जात होतो. गाडी चांगली हाकायचो, म्हणून त्या वर्षी मला आत्याच्या गाडीवर दिलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याकाठी गाड्या सोडल्या. बायका धुणं घेऊन खाली गेल्या, पोरं पाण्यात. पुरुष आंब्याखाली जेवायला बसले. तिथं अप्पांनी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं, की घरी गेल्यावर हौसाचं शेत आपण आपल्यात ओढून घेऊ, ट्रॅक्टर सांगितलाय, बांध मोडायचा. हौसा आपल्यात जेवेल, तिला काय कमी पडणार आहे. दादांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि तो विरघळेपर्यंत बुडवूनच ठेवला. मी मागं बघितलं. आत्या बैलांना वैरण टाकत होती. तिने ऐकलं होतं.

ती आंब्याजवळ आली आणि उभ्यानेच म्हणाली, "अप्पा, ते शेत मला तात्यांनी दिलंय."

"तात्यांनी दिलं, तात्या गेलं," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "हौसे, तू आमच्यातली न्हाईस. आमच्या देवाला तुजा हात लागत न्हाई. जिचा देव इथला न्हाई तिची जमीन इथली कशी?"

आत्याने भाकरीचं टोपलं उचललं. मग तिने विचारलं, की आणखी भाकरी वाढू का कुणाला. आणि वाढली. अप्पांनीही घेतली.

मी उठलो. राग होता, पण मी काही रागाने पेटून उठलो नव्हतो. मला ते तसं लिहायचं नाही. माझ्या डोक्यात फक्त अप्पांचं ते वाक्य बसलं होतं, जिचा देव इथला नाही. मी हात धुतले, अप्पांच्या गाडीकडे गेलो. तिथं कुणी नव्हतं. पिवळं फडकं वर केलं, तांब्याची डबी काढली, सदऱ्याखाली धरली आणि आत्याच्या छोट्या दुरडीत नारळाखाली ठेवली. तिच्या फडक्याने झाकली. देवांना परवानगीवाचून हात लावला तर हात झडतो असं आम्हाला सांगितलेलं. मी संध्याकाळपर्यंत बोटं मोजत होतो. बोटं सगळी होती, अजून आहेत. पुढं काय होईल याचा मी काहीच विचार केला नव्हता. मला एवढंच हवं होतं, की उरलेल्या वाटेला देव आत्याच्या गाडीत बसावेत आणि अप्पांनी रिकामी दुरडी मिरवत पुढं जावं.

तसंच झालं. अप्पा पुढं, ताठ बसलेले, मागं आम्ही सगळ्यांत शेवटी धुळीत. मी कासरा धरला होता आणि हसू आवरत नव्हतं. आत्या म्हणाली, "बब्या, तुला काय गुदगुल्या व्हत्यात का रं?" मी म्हणालो, धूळ गेली नाकात.

पायथ्याला गर्दी होती. आमच्यासारख्या दोन-तीन भाऊक्या आलेल्या, हलगी वाजत होती. अप्पांनी पाय धुतले, वहाणा काढल्या, दुरडी डोक्यावर घेण्याआधी रीतीप्रमाणे फडकं वर केलं, देवांना भंडारा वाहायला. नारळ होता, खोबऱ्याच्या वाट्या होत्या, डबी नव्हती. अप्पांनी नारळ बाजूला केला. मग दुरडी पालथी केली. पिवळा भंडारा त्यांच्या पायांवर सांडला. हलगी थांबली. आई तोंडाला पदर लावून माझ्याकडे बघायला लागली, कारण तिला ओढ्यावरून मी दुपारी जेवणातून उठलेला दिसलो होतो. कुणी म्हणालं, ओढ्यात पडली असेल. कुणी म्हणालं, मुक्कामाला राहिली. अप्पांचा चेहरा मी त्याआधी कधी तसा पाहिला नव्हता. घराचे देव हरवणं म्हणजे काय, हे आमच्या लोकांत सांगावं लागत नाही. त्या माणसाला परत गावात तोंड दाखवता येत नाही.

आणि तिथं माझी बोबडी वळली. मी पुढं होऊन सांगायला हवं होतं. माझे पाय हलले नाहीत. देव हलवल्याची नाही, पण त्या क्षणाची मला आजही लाज आहे.

आत्या आपल्या गाडीशी नारळ काढायला वाकलेली होती. तिने फडकं बाजूला केलं. मी बघत होतो. ती तशीच वाकून राहिली, मग मान वळवून तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. रागाने नाही. मासवडीचं फडकं उचलण्याआधी ती जशी बघायची तसं, हात पोळणार हे माहीत असलेल्या माणसासारखं. मग तिने पदर खोचला, चुंबळ केली, छोटी दुरडी डोक्यावर ठेवली आणि चालायला लागली.

ती अप्पांच्या समोरून जात असताना अप्पांनी विचारलं, "काय हाय त्यात?"

"देव हायेत," आत्या म्हणाली. "मी घेतलं. माज्या बापाचं देव हायेत, दुसऱ्या कुणाचं न्हाईत."

अप्पांनी हात उचलला होता. तो हात तसाच वर राहिला आणि मग त्यांनी तो आपल्याच टोपीवर नेला. दुरडी तिच्या डोक्यावर होती. आजूबाजूला तीन भाऊक्या उभ्या होत्या आणि रीत सगळ्यांना माहीत होती. गर्दी बाजूला झाली. आत्या ज्या पायरीवरून दरवर्षी परत फिरायची, तिच्यावर पाय देऊन ती वर गेली. तिच्या मागोमाग अनवाणी दादा निघाले. माझे वडील. ते आयुष्यात कधी अप्पांच्या पुढं चालले नव्हते. मग आई, मग मी, मग हळूहळू सगळे. अप्पा शेवटी.

वर गुरवाने आत्याच्या डोक्यावरून दुरडी उतरवून घेतली, देवांना आंघोळ घातली, तळीचं ताट मांडलं आणि अप्पांकडे पाहिलं. अप्पा म्हणाले, बाईचा हात तळीला चालत नाही. गुरव म्हातारा होता, त्याला घाई होती, मागं दुसरी भाऊकी खोळंबली होती. तो म्हणाला, "देव ज्याच्या डोक्यावर आलं त्याचा पयला हात. बाई का बाप्या ते मला कुणी सांगितलेलं न्हाई. उचला लवकर."

आत्याने ताटाला हात लावला. येळकोट येळकोटचा गजर झाला, भंडारा उधळला, आणि तिच्या पापण्यांवरच्या तांबड्या धुळीवर पिवळा थर बसला. ताट खाली ठेवल्यावर ती तिथंच, गुरवासमोर आणि त्या सगळ्या अनोळखी लोकांसमोर म्हणाली, "यंदाची तळी मी उचलली. विहिरीजवळचं शेत मी पेरणार. बांध मोडायला ज्याला यायचं त्यानं देवाचं नाव घिऊन यावं." आणि भंडारा कपाळाला लावून खाली उतरली.

तो बांध कधी मोडला नाही. त्यासाठी जी किंमत पडली ती तिने एकटीने भरली. देव खाली उतरले आणि अप्पांना बोलायला मोकळीक मिळाली. देवचोर हा शब्द त्यांनी परतीच्या वाटेवर पहिल्यांदा वापरला, आणि तो गावात आमच्या आधी पोचला. पुढच्या वर्षीपासून तिची गाडी रांगेत घेतली नाही. लग्नांचं, बारशांचं, जावळांचं आवतण तिला गेलं नाही. तिच्या हातच्या मासवड्या भाऊकीच्या पंगतीतून गेल्या.

परत येताना मी गाडी हाकत होतो. मी आत्याला म्हणालो, घरी गेल्यावर मी सांगणार आहे, की मी ठेवले. तिने पदराने पापण्यांवरचा भंडारा पुसला. मग म्हणाली, "तू सांगितलंस तर काय व्हईल ठावं हाय? पोरानं चेष्टा केली म्हणत्याल. तुला दोन थोबाडीत बसत्याल आणि माजं शेत जाईल. मी घेतलं म्हणून माजं राहिलं. तू गप बसायचं."

"किती दिवस?"

"मी हाय तवर तरी."

मी गप बसलो. ते सोपं होतं, गप बसणं माझ्या अंगातच होतं. अवघड पुढं झालं. अप्पांच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीला बसलो आणि शेवटच्या खोलीत आत्याची चूल पेटलेली मला मांडवातून दिसत होती. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा तिला अक्षता टाकायला बोलावलं नाही; मी नवरदेव होतो, मी एक शब्द बोललो असतो तर आली असती. ती तिच्या शेतातच होती, कांदे काढत. मिरवणूक बांधावरून गेली तेव्हा तिने उभं राहून बघितलं आणि कांद्याच्या मातीचा हात वर केला. बँडवाल्याला ती थांबायची खूण वाटली, त्याने वाजवायचं थांबवलं. मी घोड्यावरून हात वर केला नाही. गुन्हा म्हणायचा तर हा. देव हलवले तो नव्हे. देव हलवले ते मी आजही हलवीन, आणि अप्पा समोर असते तर त्यांच्या डोळ्यांदेखत हलवीन.

आत्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत तिने शेत पेरलं. तिने सांगितलेली मुदत केव्हाच संपली होती, तरी मी गप्पच होतो, सवय म्हणून. गेल्या वर्षी सुरेशच्या नातवाचं जावळ काढायला आम्ही सगळे देवाला गेलो. आता बैलगाड्या नाहीत. पिकअप, जीप, दोन मोटारी. पण रांग तीच, पुढं देवाची गाडी, मागं मानाने बाकीचे, आणि रस्ता मोकळा असला तरी कुणी कुणाला मागं टाकत नाही. ओढ्याकाठी, त्याच आंब्याखाली जेवताना सुरेश पोरांना गंमत सांगत होता, की आपल्या घरात एक आत्या होती, तिने खुद्द खंडोबाला पळवलं होतं. पोरं हसली. माझी मुलगी वैशाली हसली नाही. वैशाली तीन वर्षांपूर्वी सासरहून परत आली आहे. स्वतःची पिकअप चालवते, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट नेते. त्या दिवशी तिची पिकअप रांगेत सगळ्यांत शेवटी होती. कुणी सांगितलं नव्हतं, तिने आपणच लावली होती. ते मला जास्त लागलं. तिने मला विचारलं, "बाबा, खरंच चोरलं होतं का आत्यानं?" मी घास चावत राहिलो. घास गिळून झाला तरी चावत राहिलो.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग एवढी वर्षं काय करत होता. म्हणून हे लिहायला बसलो.

अप्पा गेले, दादा गेले. आता भाऊकीत वयाने थोरला मी आहे आणि देवांची डबी माझ्या देव्हाऱ्यात आहे. पुढच्या आठवड्यात आम्ही निघतोय. देव वैशालीच्या पिकअपमध्ये बसतील, पुढच्या सीटवर, पिवळ्या फडक्याखाली, आणि पायथ्यापासून वर त्यांना तीच नेईल. सुरेशला मी हे काल सांगितलं. तो म्हणाला, असं चालत नाही, मग रांगेत पुढं कुणी राहायचं? मी म्हणालो, जिथं देव असतील तिथून रांग सुरू होते, तुला हवं तर तू मागं ये, नको असेल तर घरी थांब. मी एवढं सलग बोललेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

वैशालीने आज सकाळपासून पिकअप धुवायला घेतली आहे. हौद्यात टोमॅटोचा चिकटा सुकलाय, तो खरडून काढतेय. विहिरीजवळ, आत्याच्या बांधाला गाडी लावून.